बारटक्के मॅचिंग सेंटर

लक्ष्मी रस्त्याच्या या टोकाला साड्या,
त्या टोकाला दागिने,
आणि मधल्या बोळात, जिन्याखाली, मी.
सात बाय अकराचा गाळा. टू बाय टू रुबिया, मीटरभर.
आडनावात बारा टक्के, गल्ल्यात तेही नाहीत.

माझ्याकडे माझ्यासाठी कोणी येत नाही.
बायका येतात त्या पिशवीत साडी घेऊन,
पदराचं टोक बाहेर काढून म्हणतात, यावर दाखवा.
मी आमसुली काढतो. त्या म्हणतात, जरा लालसर.
मी डाळिंबी काढतो. त्या म्हणतात, एवढा नको.
मग आम्ही दोघं पायरीवर, उन्हात,
कापडाला पदर लावून उभे.
ट्यूबलाइट खोटं बोलते,
हे आमच्या घरात तीन पिढ्यांना माहीत आहे.

शलाका बारावी कॉमर्सला. मोठ्यानं वाचल्याशिवाय
तिच्या लक्षात राहत नाही:
*एका वस्तूची किंमत वाढली
की तिच्या पूरक वस्तूची मागणी घटते.
उदाहरणार्थ, पेन आणि शाई.*
नोटा मोजता मोजता मी थांबलो.
शाई कोण घेतं आता, म्हटलं. मला विचार.
समोर ओसवालांनी सेल लावला
की इथे माझी कात्री थांबत नाही,
मी भाव रुपयानंही उतरवलेला नसताना.
आणि ज्या वर्षी रेशीम महागलं
त्या वर्षी मी मीटरमागे पंधरा रुपये सोडले, पाटी लावली.
पाटी वाचायलासुद्धा कोणी थांबलं नाही.
साडीच नाही, तर नुसत्या पिसाचं बाई करणार काय?
ओटी भरणार? ओटीचं पीस तर
चार घरं फिरून परत पहिल्या घरी येतं.

याला छेदक लवचिकता म्हणतात, बाबा.
छेदक आहे खरी, म्हटलं.
लवचिक मात्र मी नव्हे, ती शेजारच्या गाळ्यातली लेगिंग.
हँगरवर, सत्तावीस रंगांत,
कुठल्याही कुडत्याखाली, कुठल्याही पायात.
ऊन नको, पायरी नको, पदर तर नकोच.

आधी इलाही मास्तर गेले. म्हणजे आहेत,
कोंढव्याला, एका सोसायटीच्या गेटवर. मशीन विकलं.
मग पिको-फॉलच्या निर्मलाताई,
"संध्याकाळी द्या" म्हटलं की हसायच्या त्या.
एका साडीला आम्ही किती जण टाचलेले होतो
ते ती सुटल्यावर कळलं.
शलाका आलेखात रेषा डावीकडे सरकवते, एक बाण काढते.
बाणापाशी कोणाचं नाव लिहीत नाहीत.

परवा दुपारी एक बाई आल्या, सहकारनगरहून, रिक्षानं.
आईची साडी. मूळची चिंतामणी असावी.
धुऊन धुऊन, वाळून वाळून
तिचा रंग आता कुठल्याच शेडकार्डात नव्हता.
चिंतामणी लावलं, आई फिकी पडली.
आकाशी लावलं, स्वस्त दिसलं.
बाई पदराची घडी घालायला लागल्या.
तेव्हा मला काचेतला ताका आठवला,
सात-आठ वर्षं उन्हात, कोणी न मागितलेला.
धूळ झटकली. पायरीवर नेला.
बाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही.
दोन्ही कापडं एकाच दोरीवर वाळल्यासारखी.

मग त्या म्हणाल्या, विटलाय हो हा. कमी करा की.
म्हटलं, ताई, नवा एकशेवीस. हा एकशेचाळीस.
त्यांनी पर्स उघडली.

रात्री शलाकाला विचारलं, हे कितव्या पानावर आहे?
ती म्हणाली, बाबा, उद्या पेपर आहे,
दिवा राहू द्या.